गाठ साधीच वाटतेय, मग कापून तपासायची कशाला?

तुमच्या पत्नीच्या जिभेवर हरभऱ्याएवढी टणक गाठ आहे, चार महिने झाले, दुखत नाही. दातांचे डॉक्टर म्हणतात 'साधीच असावी, पण काढून तपासू', आणि घरचे म्हणतात सुरी लागली की गाठ चिडते. चिडत नाही. कॅन्सर असला तरी तो बायोप्सीमुळे होत नाही, आधीपासूनच असतो.

मी ओरल पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्यासमोर पेशंट क्वचितच येतो, येते ती कापलेला तुकडा ठेवलेली फॉर्मॅलिनची बाटली. सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा 'फायब्रोमा?' असं लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा तेच निघतं: सारखा दात लागून वाढलेलं मांस. जिभेवरच्या गाठीत मात्र कधीतरी ग्रॅन्युलर सेल ट्यूमर सापडतो. दुर्मिळ, बायकांत जास्त, आणि जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी. कापल्यावर आतून पिवळसर, आणि मायक्रोस्कोपखाली मोठमोठ्या फिकट गुलाबी पेशी, रवा भरल्यासारख्या. १९२६ मध्ये अब्रिकोसॉव्ह या रशियन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तो स्नायूतून येतो असा समज झाला. प्रत्यक्षात तो मज्जातंतूंभोवतीच्या 'श्वान' (Schwann) पेशींचा.

गोम अशी की या गाठीवरची त्वचा कधीकधी मुळ्या फुटल्यासारखी खाली वाढते आणि हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. एकदा माझ्याकडे कांद्याच्या पापुद्र्याएवढा तुकडा आला होता. नुसत्या मुळ्याच दिसत होत्या. तेवढ्यावर मी 'कॅन्सर' लिहिलं असतं, तर त्या बाईंची अर्धी जीभ गेली असती. सर्जनना फोन करून खोलवरचा तुकडा मागवला, आणि त्यात रवा दिसला. श्वान पेशींत सापडणाऱ्या एस-१०० या प्रथिनाची तपासणीही पॉझिटिव्ह आली, विषय संपला.

उपचार त्यामानाने किरकोळ. या गाठीला कवच नसतं, म्हणून भोवतीचा थोडा भाग धरून काढतात. जागेवरच भूल, दोन-चार टाके, काही दिवस गार दहीभात. पूर्ण निघाली तर सहसा परत येत नाही.

तर हरभऱ्याएवढी गाठ अख्खीच काढायला सांगा, आणि बाटली लॅबला गेली का ते स्वतः विचारा. कुणी लेसरने जागच्या जागी जाळून टाकतो म्हणालं तर नको म्हणा. राखेतून मला काहीच वाचता येत नाही.