बालेवाडीचा पहिलाच फ्लॅट भाड्याने देताना: आकड्याआधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोल्हापूरला राहता आणि बालेवाडीच्या टू बीएचकेचा ताबा नुकताच मिळालाय. नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी असं एक कुटुंब ३४,००० द्यायला तयार आहे. आयटीतली चार मुलं ३८,००० म्हणतायत, पण कमिटीतले एक गृहस्थ 'बॅचलर चालणार नाहीत' असं सांगतायत. ब्रोकर म्हणतो, महिनाभर थांबा, फॅमिलीच ३६,०००ला आणतो. शिवाय अधूनमधून पुण्याला आल्यावर उतरायला एक बेडरूम कुलूप लावून ठेवावी असंही मनात आहे.

आधी ब्रोकरचा सल्ला निकालात काढू. दोन हजार जास्त मिळाले तर अकरा महिन्यांत २२,००० होतात. महिनाभर घर रिकामं राहिलं तर ३४,००० तिथंच गेले, वर त्या महिन्याचा मेंटेनन्स तुमच्या खिशातून. म्हणजे मनासारखा भाव मिळूनही तुम्ही तोट्यातच. ब्रोकरचं काही जात नाही, त्याचं एक महिन्याचं ब्रोकरेज उलट वाढतं. नवीन घरमालक भाड्याच्या आकड्यावर अडून बसतात, पण वर्षाअखेरीचा हिशोब बिघडतो तो रिकाम्या महिन्यांनी आणि चुकीच्या माणसाने.

आता चार मुलं की कुटुंब? सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) सभासदाला फ्लॅट लायसन्सवर, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करारावर भाड्याने, देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि करारनाम्याची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. 'बॅचलर चालणार नाहीत' हे कमिटीतल्या गृहस्थांचं मत झालं, नियम नव्हे. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. (तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली 'अपार्टमेंट' म्हणून नोंदलेली असेल, पुण्यात असं पुष्कळ ठिकाणी असतं, तर हे नियम लागू नाहीत, तिथं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचे नियम लिहिलेला नोंदणीकृत दस्त, काढून वाचा.)

कायदा तुमच्या बाजूने असला तरी रात्री साडेअकराला 'पार्किंगमध्ये आवाज चाललाय' म्हणून फोन येणार तो कोल्हापूरला, तुम्हाला. मुलं वाईट असतात असं अजिबात नाही. माझ्या अनुभवात वेळेवर भाडं देण्यात ती कुटुंबांच्या मागे नसतात. अडचण वेगळीच असते. चौघांतला एक बेंगळुरूला जातो, त्याच्या जागी मित्र येतो, मग मित्राचा मित्र, आणि वर्षभरात घरात राहणाऱ्यांपैकी करारात नाव असलेला एकच उरतो. मुलांना द्यायचं असेल तर चौघांची नावं करारात घाला, माणूस बदलला तर नवा करार हे आधीच बोलून ठेवा आणि भाडं एकाच खात्यातून येऊ द्या. तुम्ही पुण्यात राहत असता तर मी कदाचित मुलांनाच द्या म्हणालो असतो. कोल्हापुरातून पहिल्या वर्षी कुटुंब घ्या.

पण कुटुंब म्हणजे निर्धास्त असंही समजू नका. त्यांच्या आत्ताच्या घरमालकाला फोन करण्यात फारसा अर्थ नाही, त्याला ते जायलाच हवे असतील तर तो गोडच बोलेल. त्याच्या आधीच्या मालकाचा नंबर मागा आणि विचारा, 'डिपॉझिट परत देताना किती कापलंत?' या एका प्रश्नावर माणसं खुलून बोलतात. आणि फ्लॅट न बघताच 'मी लष्करात आहे, बदली झालीय, ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' असा कुणाचा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

कराराबद्दल. नोटरी करून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्या रकमेत मिळवायचं. ३४,००० भाडं, १,०२,००० डिपॉझिट, अकरा महिने, म्हणजे शुल्क हजाराच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी एजंटचे पैसे. तो मशीन घेऊन घरी येतो, आधारवर अंगठे घेतो, नोंदणी कार्यालयात जावं लागत नाही.

अकरा महिन्यांतही काही जादू नाही. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सची मुदत कितीही असो, नोंदणी करावीच लागते, त्यामुळे अकराचा आकडा हा निव्वळ सवयीचा भाग. मुलीच्या शाळेमुळे हे कुटुंब दोन-तीन वर्षं हलणार नसेल तर चोवीस महिन्यांचा करार करा आणि दुसऱ्या वर्षीची वाढ त्यातच लिहा. सहा महिन्यांचा लॉक-इन (तोवर कुणीच करार मोडायचा नाही), नंतर दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: मुदत संपायच्या आत नवा करार करा. करार संपलाय, भाडं येतंय, तुम्ही घेताय आणि कागद कुठेच नाही, अशा अवस्थेत रखडलेली घरं मी बरीच पाहिली आहेत. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर नोंदवलेल्या लायसन्सच्या जोरावर याच भाडे कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (घर रिकामं करून देण्याचे आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे. वीज-पाणी तोडायच्या किंवा कुलूप बदलायच्या फंदात पडू नका. तसं केलंत तर तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही.

चावी द्यायच्या दिवशी स्वतः या, ब्रोकरवर सोडू नका. भाडेकरू सोबत असताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा आणि तिथंच त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. भिंती सगळेच काढतात. तुम्ही किचनच्या ट्रॉल्या एकेक बाहेर ओढून तळाशी प्लायवूड फुगलंय का ते घ्या, सिंकखालचा पाइप घ्या, गिझर चालू करून गरम पाणी नळातून येताना दाखवा, कमोडचा फ्लश दाबा, बाल्कनीच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून ते उतरतंय का बघा. महावितरणच्या मीटरचं आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग घ्या. चाव्या किती दिल्या ते बोलून दाखवा. आमच्या एका भाडेकरूशी जाताना वॉश बेसिनच्या तड्यावरून वाद होणार होता. व्हिडिओत बेसिन अखंड दिसलं, त्यांनी स्वतःच प्लंबर बोलावला. खिळ्यांची चार भोकं आणि भिंतीवर सोफ्याचे डाग यांचे मात्र पैसे कापू नका, राहत्या घरात ते होणारच.

दुरुस्तीचं आधीच बोलून घ्या. भिंतीतली पाइपलाइन, गळती, वायरिंग, गिझर जळाला तर तुम्ही. बल्ब, नळाचा वायसर, तुंबलेला ड्रेन त्यांनी. मी दीड हजारापर्यंतचं काम विचारायच्या आधी करून टाका, बिल पाठवा, पुढच्या भाड्यातून वळते करा असं सांगून ठेवतो. दीडशे मैलांवरून प्लंबर शोधण्यापेक्षा ते परवडतं.

शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं जवळपास प्रत्येक भाडेकरू म्हणतो. गोड बोलून नाही म्हणा. एकदा डिपॉझिट संपलं की तुटक्या दाराचे आणि थकलेल्या वीजबिलाचे पैसे मागायला हातात काही उरत नाही. पण घर रिकामं झाल्यावर शेवटच्या बिलापुरते थोडे पैसे राखून बाकीचे त्याच दिवशी परत द्या. डिपॉझिट महिनोन् महिने अडकवून ठेवणारे मालक पाहिले की भाडेकरू शेवटचं भाडं का बुडवतात ते कळतं.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा, विसरू नका. आयकरात भाड्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के सूट मिळते, रंगकामाची बिलं जपायची गरज नाही. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात ४० टक्के सवलत असते, ती भाड्याने दिल्यावर घेता येत नाही, तेव्हा भाडं ठरवताना हा खर्च धरा.

राहिली कुलूपबंद बेडरूम. नको. टू बीएचकेचं भाडं घेऊन वन बीएचके वापरायला दिलं तर कुटुंब पहिल्या महिन्यापासून नाराज असेल, आणि तुम्ही बॅग घेऊन उतरलात की त्यांच्या घरात पाहुणे तुम्हीच. जुनं सामान असेल तर लॉफ्टवर ठेवा, काय काय ठेवलंय त्याची यादी करारात जोडा. पुण्यात उतरायला लॉज घेतलात तरी त्या खोलीच्या भाड्यापेक्षा स्वस्तच पडेल.