बिझनेस क्लासची सेवा आणि विमानातली वाइन जोखायची कशी? (शिरोलीच्या दादांना उत्तर)

"ताई, खरं सांगा, पैसे वसूल होतात का?" असं विचारलंय, तर खरंच सांगते. जाताना होतात, येताना बहुतेक होत नाहीत. आणि त्या हिशेबात वाइनचा वाटा अगदी थोडा.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी: दादांची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. जून २०२७ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गीफा हे फौंड्रीवाल्यांचं प्रदर्शन आहे, दर चार वर्षांनी भरतं ते. वहिनींना घेऊन मुंबई–फ्रँकफर्ट बिझनेस क्लासने जायचा विचार आहे, आयुष्यात पहिल्यांदाच. पुण्याच्या एका मित्राने सांगून ठेवलंय की "विमानातली वाइन एकदम भिकार असते, नुसता दिखावा". दादांना वाइनमधलं काही कळत नाही, वहिनी घेतच नाहीत. मग सेवा चांगली की वाईट हे ठरवायचं कशावरून, आणि तिथे आपण अडाणी दिसणार नाही ना, अशी धास्ती.

आधी मित्राचं बघू. ती वाइन त्यांनी किती वाजता प्यायली हे विचारा. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. जेवणाची ट्रॉली येईपर्यंत दोन-तीन वाजलेले असतात. कोल्हापूरहून निघालेला माणूस तोवर दिवसभर हायवे नाहीतर स्टेशन, मग मुंबई विमानतळाचं टी-टू टर्मिनल, मग रांगा हे सगळं करून आलेला असतो. त्या अवस्थेत कुठलीही वाइन भिकारच लागणार.

पण खरं कारण वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असताना आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. ड्रीमलायनर ७८७ आणि ए३५० मध्ये तो सहा हजारांच्या आसपास, जुन्या विमानांत आठ हजारांकडे. हवा इतकी कोरडी की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. नाक सुकतं. आणि चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. म्युनिकजवळ होल्त्सकिर्शेन इथे फ्राउनहोफर संस्थेने एअरबस ए३१० च्या धडाचा तुकडा एका दाबकक्षात ठेवलेला आहे. तिथे लुफ्तान्साने २०१० च्या सुमारास लोकांना बसवून चवीचे प्रयोग करून घेतले. जमिनीवर नीट लागणारं मीठ आणि साखर तिथे फिकी पडली. प्रयोगाचं निमित्तही मजेशीर होतं: प्रवासी विमानात बिअरच्या बरोबरीने टोमॅटोचा रस का मागतात, हे कंपनीला कळेना. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असं दिसलं की इंजिनासारखा मोठा आवाज कानावर असला की गोड कमी लागतं आणि उमामी, म्हणजे टोमॅटो-मशरूममध्ये असते ती रसाळ चव, उलट वाढते. टोमॅटोच्या रसाचं कोडं त्यातही थोडंफार सुटतं.

आता वाइनकडे या. रेड वाइनमध्ये तीन गोष्टी ढोबळमानाने धरा: फळाचा वास आणि गोडवा, आंबटपणा, आणि टॅनिनचा तुरटपणा. वर गेल्यावर फळाचा वास मंदावतो, पण आंबट आणि तुरट काही कमी होत नाही. म्हणून जमिनीवर भारदस्त वाटणारी महागडी रेड विमानात कडक, ओढणारी, रागीट लागते. टॅनिन म्हणजे काय हे माहीत नसेल तर बी असलेलं काळं द्राक्ष बीसकट चावून बघा. जीभ आणि हिरड्या ओढल्यासारख्या होतात, तेच ते. (तासगावची बेदाण्याची द्राक्षं बिनबियांची, पातळ सालीची. त्यांत हा धडा मिळणार नाही.)

त्यामुळे विमानात चांगली वाइन म्हणजे लेबल मोठं असलेली वाइन नव्हे. उंचीवर टिकणारी वाइन चांगली. मोठ्या कंपन्या हे जाणून असतात. लुफ्तान्साच्या वाइन वर्षानुवर्षे मार्कुस डेल मोनेगो निवडत आले, १९९८ सालचे जागतिक सोमेलिए (म्हणजे वाइन निवडणारे-वाढणारे जाणकार) स्पर्धेचे विजेते. असा माणूस नेमणारी कंपनी यादी तरी विचार करून लावते. यादीत पिनो न्वार, ग्रनाश, मऊ मर्लो अशी कमी तुरट रेड दिसली तर निवडणाऱ्याने प्रवाशाच्या जिभेचा विचार केलाय समजा. नुसती नावाजलेली, तरुण, घट्ट बोर्दो (फ्रान्सच्या त्या भागातली तुरट रेड) दिसली तर ती जाहिरातीसाठी आणलेली असण्याची शक्यता जास्त. व्हाइटमध्ये रीसलिंग घ्या, जर्मन विमानात हमखास असते आणि वर चांगली तगते.

प्रत्यक्ष काय करायचं? थेट ग्लास भरून घेऊ नका. "दोन्ही रेड थोड्या-थोड्या चाखून बघू का?" असं विचारा. यात अडाणीपणा काही नाही, उलट जाणकार माणूसच असं विचारतो. इथेच सेवेची पहिली परीक्षाही होते. चांगला कर्मचारी बाटली आणून लेबल दाखवतो आणि तुमच्यासमोर ओततो. तसा नसलेला आतूनच भरलेला ग्लास आणून ठेवतो. मग घोटभर पाणी प्या, तोंड ओलं करा आणि वाइनचा घोट जिभेवर थोडा घोळवा. गिळल्यावर तोंडात फळ राहिलं की नुसता तुरटपणा, एवढंच बघा. दुसरा घोट जेवणाच्या घासाबरोबर. घासाबरोबर बरी लागली तर ती वाइन पास. एकटी पिऊन नापास करणं हा विमानातल्या वाइनवरचा सगळ्यात मोठा अन्याय.

तापमानाकडेही बघा, कारण बिचाऱ्या वाइनची अर्धी बदनामी त्यापायी होते. ट्रॉली थंड ठेवायला कोरडा बर्फ वापरतात, त्यात रेडही गारठते. रेड साधारण सोळा-अठरा अंशांवर हवी. फार गार असेल तर ग्लास तळव्यात धरून दहा मिनिटं थांबा, मग निकाल द्या. व्हाइट उलट आठ-दहा अंशांवर, कोमट आली तर खुशाल परत करा. आणि शॅम्पेन म्हणून जे देतात ते खरोखर फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातलं आहे का, हे मेन्यूत लिहिलेलं असतं. नुसतं 'स्पार्कलिंग' लिहिलं असेल तर ते दुसरं काही तरी. तेही चांगलं असू शकतं, पण शॅम्पेन म्हणून खपवत असतील तर गुण कापा.

सराव करायचा असेल तर पुण्या-मुंबईकडे बघायची गरज नाही. द्राक्षाचा पट्टा आपल्या दारातच आहे. सांगली जिल्ह्यात पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क आहे, अकलूजला फ्रातेल्ली आणि नाशिकला सुला या वाइन कंपन्या. एक शेनिन ब्लाँ (व्हाइट) आणि एक शिराझ (रेड) आणा, जेवणाबरोबर घ्या, आंबट-तुरट-फळ एवढं वेगळं ओळखता आलं की तयारी झाली. त्यापलीकडे ओक, लेदर, जंगलातली ओली पानं वगैरे जे लोक बोलतात ते ऐकून घ्यायचं आणि मान डोलवायची.

जेवणात मात्र आपलं पारडं जड आहे. मसाला उंचीवर तग धरतो. समजा विमानात तांबडा आणि पांढरा दोन्ही वाढले, तर तांबडा तिथेही तांबडाच लागेल, पांढऱ्याचा तो नाजूक वास मात्र हरवून जाईल. याच हिशेबाने मेन्यू वाचा: दाटसर रस्सा, डाळ, टोमॅटोचा आधार असलेलं काहीही चालेल, क्रीममधला मासा आणि कोरडी चिकन ब्रेस्ट टाळा. विमानात काही शिजवत नाहीत. जमिनीवरच्या किचनमध्ये शिजवून, झटकन गार करून, वर ओव्हनमध्ये तापवतात. म्हणून जे तापवल्यावर सुधारतं तेच मागायचं. मुंबईहून निघताना भारतीय जेवण मुंबईतल्याच किचनमधून चढतं, ते बहुतेक वेळा छान असतं. परतीचं भारतीय जेवण युरोपातल्या किचनचं. तिथे मी गुपचूप युरोपियन घेते.

वहिनींसाठी एक महत्त्वाचं. शाकाहारी हवं असेल तर तिकिटावर नुसतं 'व्हेज' टिचकवू नका. व्हीजीएमएल हा कोड म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं, दूधदुभतंही नसलेलं जेवण, उकडलेल्या भाज्या येतात. आपल्याला हवं ते एव्हीएमएल, एशियन व्हेजिटेरियन. जैन हवं तर व्हीजेएमएल. साधारण चोवीस तास आधी सांगावं लागतं. पण मुंबईहून जाताना मेन्यूतच चांगला शाकाहारी पर्याय असतो, तेव्हा आधी मेन्यू बघा. विशेष जेवण नोंदवलं की बाकीची निवड हातची जाते.

आणि वहिनी वाइन घेत नाहीत, ही तुमच्यासाठी सोयच आहे. विमान कंपनी जोखायची माझी आवडती कसोटी तीच: न पिणाऱ्याला काय मिळतं? शेजारच्याला चार देशांच्या वाइनची यादी आणि वहिनींना डब्यातला संत्र्याचा रस, तर त्या कंपनीला पाहुणचार कळत नाही, तिला फक्त छापील यादी कळते. ताजं लिंबूपाणी, नीट केलेला चहा, बिनदारूचं एखादं बरं पेय विचारून दिलं, तर समजा माणसं जाग्यावर आहेत.

सेवेचा निकाल पहिल्या तासात देऊ नका. गरम टॉवेल, स्वागताचं पेय, नाव घेऊन "गुड इव्हनिंग", हे सगळं घोटून घेतलेलं असतं, सगळीकडे सारखंच. खरी सेवा दिवे मालवल्यानंतर दिसते. पाण्याची बाटली संपली तर कुणाच्या लक्षात येतं का? बेल दाबल्यावर येतात की तुम्हाला पडद्यापर्यंत जावं लागतं? रिकामा ट्रे तासभर मांडीवर राहतो का? किचनमधल्या गप्पा झोपलेल्यांपर्यंत येतात का? न्याहारीसाठी उठवायचं की नाही हे रात्रीच विचारलं का? इंग्रजी तोडकंमोडकं असेल म्हणून घाबरू नका. बोलायला कमी पडलात म्हणून सेवा कमी पडली, तर तो दोष त्यांचा.

आता पहिल्या वाक्याकडे येते, जाताना का वसूल. जातानाचं विमान रात्रीचं, आठ-नऊ तासांचं, आणि उतरल्यावर तुम्हाला विमानतळालगतच्या स्टेशनवरून आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान रेल्वे, पकडून ड्युसेलडॉर्फला जायचंय, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भेटणार. तिथे तुम्ही विकत घेताय ती झोप. मुंबईच्या लाउंजमध्येच पोटभर जेवा, विमानात बसल्या-बसल्या सांगा की उठवू नका, आणि सीट आडवी करा. वाइन त्या रात्री घेऊच नका. जर्मन एरोस्पेस केंद्राचा, म्हणजे डीएलआरचा, २०२४ मध्ये 'थोरॅक्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास आहे: विमानाइतक्या कमी दाबात दारू घेऊन झोपलेल्या धडधाकट तरुणांच्याही रक्तातला ऑक्सिजन सरासरी पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके झोपेतही मिनिटाला अठ्ठ्याऐंशीच्या घरात राहिले. पन्नाशीपुढच्या माणसाने, त्यात बीपीची गोळी चालू असेल तर, हे लक्षात ठेवावं.

परतीची विमानं बरीचशी युरोपातून दिवसा निघतात. वाइन चाखायची ती तेव्हा. पण दिवसाच्या प्रवासात झोपायचं नाही, मग आडव्या सीटचे पैसे कशाला? जाताना बिझनेस, येताना प्रीमियम इकॉनॉमी असं एकाच तिकिटात जमतं का ते एजंटला विचारा. काही कंपन्या आधी बोली लावून अपग्रेड देतात, तेही बघा.

सीट बुक करताना विमानाचा प्रकार आणि मांडणी तपासा. एका रांगेतल्या सीट एक-दोन-एक अशा असतील तर प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं. दोन-दोन-दोन असेल तर खिडकीकडचा रात्री शेजाऱ्याला ओलांडून जातो. तुम्ही दोघं असल्याने ते एक वेळ चालेल. पूर्ण सपाट होते की तिरकी, हे मात्र नक्की विचारा. ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये सपाट पलंग २००० सालीच आणला होता, तेव्हा आज तिरक्या सीटला पूर्ण पैसे मोजायचं कारण नाही.

मुंबईपर्यंतच्या देशी विमानातही बिझनेस क्लास मिळू शकतो. आपल्या घोडावतांच्या स्टार एअरच्या एम्ब्राएर १७५ मध्ये बारा सीट तशा असतात. पण देशांतर्गत विमानांत दारू देत नाहीत, तिथे वाइनचा प्रश्नच मिटला.

तिकीट फर्मच्या जीएसटी क्रमांकावर काढा. सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासवर अठरा टक्के लागतो, इकॉनॉमीवर पाच. धंद्याच्या प्रवासावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. वहिनींच्या तिकिटाचं कसं धरायचं ते सीएंना आधीच विचारून ठेवा.