तारीख घालून लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल पोचले आणि मी ते दोनदा वाचले. चार पाने तू अगदी मनापासून लिहिली आहेस. सगळे एकाच वेळी अंगावर येते आहे, खुडूक झालेली कोंबडी खुराड्यातून उठत नाही, शेळ्या व्यायला आल्या आहेत, वाफे अजून तयार नाहीत, मधमाश्यांच्या पेटीत काहीतरी गडबड चालली आहे; आजोबा म्हणतात पेरायला उशीर झाला, वडील म्हणतात आठवडाभर थांब, आई म्हणते गेल्या वर्षी एव्हाना सारे आटोपले होते, आणि तिघेही इतक्या खात्रीने बोलतात की कोणाचे ऐकावे हेच तुला उमगत नाही. तुझी अडचण खरी आहे. पण त्या चार पानांत एकही तारीख नाही. पत्राच्या माथ्यावरसुद्धा नाही.

गावाकडच्या घरी राहायला आलीस हे योग्य झाले की नाही, या चर्चेत मी शिरणार नाही. ते तू ठरवून केले आहेस आणि हौसेखातर केलेले नाहीस हे मला ठाऊक आहे. तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हेही मी सांगणार नाही. तिघेही खरे बोलत असतील, पण तिघेही आठवणीतून बोलत आहेत. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की एक साधी वही घे आणि घरात, गोठ्यात, अंगणात, वाफ्यात जे घडले ते त्याच दिवशी, तारीख घालून, एका ओळीत लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी नाही, रविवारी एकदम बसून आठवड्याचे नाही. त्याच दिवशी.

वसंतात हे इतके निकडीचे का होते, ते नीट समजून घे, म्हणजे तू स्वतःला अव्यवस्थित म्हणून दोष देणार नाहीस. उत्तर गोलार्धात २० किंवा २१ मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात आणि तिथून पुढे उजेड रोज वाढत जातो. कोंबडी अंड्यावर येते ती मुख्यतः या उजेडाच्या हिशेबाने. दिवसाचा उजेड चौदा तासांकडे जाऊ लागला की तिची अंडी भरात येतात आणि त्याच दिवसांत तिला खुडूक बसण्याचीही ओढ लागते. जमिनीत ऊब येते, झाडे फुलतात, फुलांत पराग आला की माश्यांची वसाहत झपाट्याने वाढते. ही सगळी कामे एकाच कारणातून निघालेली असतात, म्हणूनच ती एकाच वेळी दारात येऊन उभी राहतात. इतर ऋतूंत चुकलेले काम पुष्कळदा पुढच्या आठवड्यात सावरून घेता येते. वसंतात तो आठवडा निघून गेला की थेट पुढच्या वर्षीच परत येतो.

शिवाय यातले प्रत्येक काम दिवसांच्या मोजणीवर चालते. कोंबडीचे पिल्लू एकविसाव्या दिवशी कवच फोडते, बदकाला त्याच कामाला साधारण अठ्ठावीस दिवस लागतात. शेळी गाभण राहिल्यापासून सुमारे १५० दिवसांनी विते. गाय माजावर येऊन गेली आणि गाभण राहिली नाही, तर साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. सुरुवातीचा दिवस लिहिलेला असेल तर या सगळ्यांचा शेवटचा दिवस तुला बोटांवर काढता येतो, आणि तो लिहिलेला नसेल तर तू नुसती खुराड्याच्या आणि गोठ्याच्या दाराशी जाऊन वाट पाहत राहतेस, जसे तू आत्ता करते आहेस. तुझ्या शेळ्या या आठवड्यात वितील की पुढच्या, याचे उत्तर पाच महिन्यांपूर्वीच्या एका ओळीत होते. ती ओळ कोणी लिहिली नाही.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. मला हे फार उशिरा कळले, म्हणून माझा आवाज चढतो.

माझी आई बी पेरण्याआधी कशाची तरी वाट पाहत असे. आम्ही लहान असताना विचारायचो, "आता पेरायचे का?" आणि ती बाहेर जाऊन एका झाडाकडे पाहून यायची आणि म्हणायची, "अजून नाही." एके दिवशी ती आत येऊन पदर खोचायची, मग आम्हाला कळायचे की आज. तिचे बी कधी वाया गेले नाही. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात मी आणि माझा धाकटा भाऊ वाफ्यापाशी उभे राहिलो, आणि मी म्हणालो ती विहिरीजवळच्या झाडाची पालवी पाहायची, तर तो म्हणाला कुंपणाजवळच्या झाडाचा मोहोर. आम्ही दोघेही एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलो होतो आणि दोघेही शपथेवर सांगायला तयार होतो. चाळीस वर्षांचे तिचे शहाणपण त्या एका सकाळी संपले, कारण आमच्यापैकी कोणीही, शाळेत जाऊन लिहायला शिकलेल्या दोन मुलांपैकी एकानेही, तिच्या हयातीत एक ओळ लिहून ठेवली नव्हती. तुझे आजोबा आज तुझ्यासमोर बसून बोलत आहेत. ते "उशीर झाला" म्हणतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस. कशावरून म्हणता, एवढेच विचार, आणि त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या नावाने, तारीख घालून उतरवून घे.

तरीही मी त्या वर्षी वही केली नाही. ती वेळ आणखी एका नुकसानीनंतर आली. आमच्याकडे पाश्चात्य मधमाश्यांची एक पेटी होती. या माशीची नवी राणी अंडे घातल्यापासून सोळाव्या दिवशी बाहेर येते, पण तिच्या घराचे तोंड मात्र आठव्या-नवव्या दिवशीच बंद होते, आणि ते बंद झाले की एखाद्या निवळलेल्या दुपारी जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून अधिक माश्या घेऊन पेटी सोडते. म्हणून वसंतात दर आठवड्याला पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी उचलून पाहायच्या असतात. मी भावाला सांगितले, "परवाच पाहिली आहे, इतक्यात नको." त्या "परवा"ला प्रत्यक्षात अकरा दिवस झाले होते. दुपारी थवा बाहेर पडला, हात पोचणार नाही अशा फांदीवर गच्च गोळा होऊन तासभर लोंबकळत राहिला आणि संध्याकाळच्या आत दिसेनासा झाला. त्या रात्री मी वही आणली. अकरा दिवस दोन दिवसांसारखे वाटू शकतात, हे ज्याला एकदा कळले त्याने पुन्हा आठवणीवर भिस्त ठेवू नये. हेच मी तुला पुन्हा सांगतो आहे: त्याच दिवशी, तारीख घालून, एक ओळ.

ही वही केवळ गोठ्यापुरती नाही. माझ्या मुलाला लहानपणी वसंतात धाप लागायची. डॉक्टरांनी विचारले, "दर वर्षी केव्हा सुरू होते?" आणि आम्ही दोघे आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पुढे तीन वर्षे पत्नीने त्याचा पहिला खोकला, त्या दिवशीचा वारा आणि कोणती झाडे फुलली आहेत हे वहीत लिहिले, तेव्हा दिसले की तिन्ही वर्षी त्रास त्याच पंधरवड्यात सुरू झाला होता, गवत वाढण्याच्या पुष्कळ आधी, झाडांचे पराग उडतात त्या दिवसांत. त्यानंतर औषध त्रास होण्याआधी सुरू होऊ लागले आणि त्या पंधरवड्यात त्याचे अंथरूण बाहेर वाळत घालणे आम्ही बंद केले. तीन वर्षांच्या त्या ओळी सगळ्या मिळून एका पानावर मावल्या होत्या.

घरात मला कारकून म्हणत. ते शब्द लागत असत, हे लपवत नाही. पण अशी वही ठेवणारा मी काही पहिला नाही. इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ साली आपल्या घराभोवतीच्या वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली: पहिले फूल कधी उमलले, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, बेडूक कधी ओरडले, पाकोळी कधी आली. १७९७ मध्ये तो वारला, पण त्याच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या त्या नोंदी आज हवामानाचे अभ्यासक आधाराला घेतात. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा जुन्या रोजनिशांमधून गोळा केल्या, तेव्हा त्या नवव्या शतकापर्यंत मागे गेल्या. म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला बहर आला तेव्हा तो तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा बहर आहे, हे ठामपणे सांगता आले. त्याआधीचा विक्रम १४०९ सालचा होता आणि तो अवघ्या एका दिवसाने मोडला. रोजनिशी लिहिणाऱ्या त्या माणसांनी हिशेबाला असा उपयोग होईल म्हणून काही लिहिले नव्हते. झाड फुललेले दिसले आणि त्यांनी दिवस टाकून ते लिहिले. तुझी आई आणि आजोबा ज्या वर्षांबद्दल भांडत आहेत ती वर्षे एकसारखी नव्हतीच, असेही असू शकेल. पण ते आता कसे कळणार?

आता जे लिहितो ते लिहावे की नाही याचा मी कालपासून विचार करतो आहे. वही सुरू केल्यावर तिसऱ्या वसंतात मी तीत कामेही लिहू लागलो. कोणी धार काढली, कोणी पाणी दिले, कोण उशिरा उठले, कोण त्या दिवशी आलेच नाही. आणि एका रात्री जेवताना भाऊ म्हणाला की घरातले सगळे त्याच्याच अंगावर पडते, तेव्हा मी उठून वही आणली आणि सहा आठवड्यांची पाने सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तो ताटावरून उठला. त्या वर्षाच्या अखेरीस तो आणि त्याची बायको वेगळे राहायला गेले.

त्या वहीतली एकही ओळ खोटी नव्हती, हे मी आजही सांगेन. प्रत्येक तारीख बरोबर होती आणि आठवणीने बोलणारा तो होता, मी नाही. नंतर पत्नीने मला शांतपणे विचारले की त्या सहा आठवड्यांत जाऊबाईंना दिवस गेलेले होते, सकाळी त्यांना उभे राहवत नसे आणि भाऊजी त्यांच्यापाशी थांबत, हे वहीत कुठे आहे? ते कुठेच नव्हते. शेळीच्या गाभणपणाची तारीख मी लिहिली होती आणि माझ्याच घरातल्या बाईच्या गरोदरपणाची मला खबर नव्हती. तेव्हा ऐक: वही जनावरांची ठेव, झाडांची ठेव, बियांची, पावसाची, आजाराची ठेव, माणसांच्या कसुरीची ठेवू नकोस. कोण आले नाही हे लिहायचा मोह झाला, तर का आले नाही हे आधी जाऊन विचार आणि ते लिही. पण यामुळे वहीच नको, असा अर्थ तू काढशील तर ते मी मान्य करणार नाही. त्या वेळी भावाने हेच म्हटले होते की वहीने घर मोडले. घर मोडले असेल तर ते मी ती जशी वाचली त्याने. माझ्या या म्हणण्यात हट्ट आहे, असे तुला वाटेल, असू दे.

बियांचे राहिले. आजोबांच्या डब्यातले कांद्याचे बी कोणत्या वर्षाचे आहे हे पुडीवर लिहिलेले नसणार, आणि कांद्याचे बी एक-दोन वर्षांत आपला जोर गमावते, टोमॅटोसारखे चार वर्षे टिकत नाही. म्हणून वाफा भरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेव, फडके सुकू देऊ नकोस, आणि दहा-बारा दिवसांनी मोज. आठ फुटल्या तर बिनदिक्कत पेर, पाच फुटल्या तर दाट पेर, दोनच फुटल्या तर नवे बी आण. आकडा पुडीवर लिही, तारखेसह. त्यानंतर आजोबा किंवा वडील यांच्यापैकी कोणाचे ऐकायचे हा प्रश्न निदान त्या एका वाफ्यापुरता उरणार नाही.

गेल्या महिन्यात मी माझ्या जुन्या वह्यांतून फक्त झाडांच्या, पक्ष्यांच्या आणि पेटीच्या ओळी एका कागदावर उतरवल्या आणि तो कागद भावाला पाठवला. सोबत पत्र लिहिले नाही. परवा तोच कागद परत आला. त्याने कुठेही काही लिहिलेले नव्हते, फक्त थवा उडाला त्या ओळीतली तारीख पेन्सिलीने खोडून पुढचा दिवस घातला होता. ती एकच ओळ मी वही आणल्यावर मागाहून, आठवणीने लिहिली होती. तो बरोबर असावा. मी त्याची दुरुस्ती शाईने उतरवून घेतली आहे.

आता तुझ्या कोंबडीचे. ती केव्हा बसली, हे घरात विचारत बसू नकोस. आज अंधार पडल्यावर तिच्याखालचे एक अंडे हळूच काढून जोरदार दिव्यासमोर धर. आत लाल रेषांचे जाळे दिसले तर आठवडाभर झाला असेल. रुंद टोकाची पोकळी सोडून बाकी सारे काळोखे दिसले तर दोन आठवडे उलटून गेले आहेत आणि पिलांसाठी जागा तयार करायला घे. काहीच न दिसता अंडे आरपार उजळले तर ते रिकामे आहे, नाहीतर कोंबडी नुकतीच बसली आहे. अंडे गार व्हायच्या आत परत ठेव, आणि जे दिसले ते मला कळव, वर आजची तारीख घालून.

तुझा,
काका