सहावीला इंग्रजीत कॉमिक करून घेताय? मग हे बघा
मॅडम, पहिल्याच दिवशी आठ चौकटी देऊ नका, ए-फोर कागद दोनदा दुमडला की चार होतात, तेवढ्या बास. आणि आधी फुग्यातलं बोलणं लिहून घ्या, चित्र नंतर, नाहीतर पोरं तासभर शेळीच रंगवत बसतात आणि इंग्रजी राहतं बाजूला. गोष्ट त्यांच्या घरातलीच घ्या, एसटी चुकली, शेळीनं वही खाल्ली असली. माझ्याकडे एकीनं 'गोट ईट माय नोटबुक' लिहिलं, मी लाल पेन काढलाच नाही, नुसतं मोठ्यानं वाचायला लावलं, तर शेजारची म्हणाली, अगं खाऊन झालं ना, मग 'एट' पाहिजे! खोडरबर घेऊन तिनंच बदललं. म्हणून फुगे पेन्सिलीनंच, पेन शेवटी. आणि 'भाकरी' तशीच राहू द्या, तिला इंग्रजी शब्द शोधत बसू नका.