बुंध्याभोवतीची माती

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात इमारत उभी राहण्याआधीपासूनचा एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. तीन वर्षांपूर्वी गाड्या लावण्यासाठी आवारभर पेव्हर ब्लॉक बसवले आणि ते थेट खोडाला भिडवले. यंदा शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या आहेत. झाड म्हातारे झाले, पडण्याआधी काढून टाकावे, असे काही सभासद म्हणतात. यावर इलाज नाही का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वयाला दोष देण्याआधी बुंध्याकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. शेंड्याकडून वाळत येणे हे बहुतेक वेळा मुळांच्या दुखण्याचे लक्षण असते आणि आपण सांगितलेला तीन वर्षांचा हिशेब त्याच्याशी जुळतो. झाड जितके वर तितकेच खाली, अशी आपली एक समजूत असते. प्रत्यक्षात पाणी व क्षार शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. पुण्यात अनेक ठिकाणी थोडे खणले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे मुळांना आडवे पसरण्यावाचून गत्यंतरच नसते. ही मुळे श्वास घेतात. मातीच्या कणांमधली हवा कोंडली, की आधी बारीक मुळे मरतात आणि त्याची खूण वरच्या पानांवर दिसायला एक-दोन वर्षे जातात. शिवाय आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेवढ्यात मातीत जे मुरेल त्यावर झाडाने पुढचे आठ महिने काढायचे असतात, आणि आपण ते सगळे पाणी गटाराकडे वळवलेले असते.

आमच्या गल्लीतल्या एका करंजाभोवतीचे ब्लॉक आम्ही भर श्रावणात काढले. सांधे सिमेंटने भरलेले असल्यामुळे वर पाणी साचले होते, पण खालची माती मात्र उन्हाळ्यातल्यासारखी कोरडी, राखेसारखी भुरभुरीत निघाली. दोन-तीन ब्लॉकच्या तळाला केसांएवढ्या बारीक मुळ्यांची जाळी चिकटून वर आली. हवा आणि ओलावा शोधत त्या इतक्या वरपर्यंत आल्या होत्या. ते पाहिल्यापासून खोडाला भिडलेले ब्लॉक मला पाहवत नाहीत.

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत आदेश देताना बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले होते. ते माप किमान समजावे. आपल्या पर्जन्यवृक्षासाठी जितके अधिक मोकळे करता येईल तितके हवे, मग दोन गाड्यांची जागा गेली तरी चालेल. काम पहारीने, हाताने करावे. खोडाजवळ यांत्रिक ब्रेकर लावू नये. खाली खोल न खणता खुरप्याने वरची दोन-तीन इंच माती तेवढी भुसभुशीत करावी आणि दिसलेले एकही जाड मूळ तोडू नये. मग तीन-चार इंच पालापाचोळा पसरावा, पण खोडापासून वीतभर दूर, कारण खोडाला कायम ओल लागली तर साल कुजते. पाणी बुंध्यावर न ओतता घेराच्या कडेला, संथपणे मुरेल असे द्यावे. सुधारणा दिसायला दोन पावसाळे लागू शकतात. वाळलेल्या फांद्या खाली येण्याचा धोका असेल तर तेवढ्याच काढाव्यात, मात्र महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेऊन.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात वादळाच्या भीतीने आमच्या दारातल्या गुलमोहराच्या सर्व फांद्या छाटून नुसते खोड ठेवले. आता त्याला भरगच्च पालवी आली आहे. म्हणजे छाटणी मानवली, असे समजावे का? कापलेल्या जागी डांबर लावावे का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ही पालवी मानवल्याची खूण नाही. अन्न तयार करणारी सगळी पाने एकदम गेल्यावर झाड साठवलेले अन्न खर्चून घाईने धुमारे फोडते. हे धुमारे सालीच्या आतल्या थरातून वरवर फुटतात, खोडात खोल रुजलेले नसतात, त्यामुळे ते जड झाले की वळवाच्या पहिल्या झोडपण्यात तेच मोडतात. धोका टाळायचा म्हणून आपण धोका वाढवला, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. आता त्यांतले जोमदार धुमारे राखून बाकीचे दोन-तीन वर्षांत थोडे थोडे विरळ करावेत.

डांबर लावू नये आणि ढोलीत सिमेंटही भरू नये. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि वरून नवी साल चढवते. त्यासाठी काप योग्य जागी हवा. फांदी खोडाला मिळते तिथे किंचित फुगीर, सुरकुतलेली कड असते. ती न दुखावता तिच्या लगेच बाहेर कापावे. जड फांदी आधी खालून थोडी कापावी, नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलत जाते.

झाडे पडतात ती केवळ फांद्यांच्या वजनाने नव्हे. आमच्या भागात उन्मळलेल्या एका झाडाची एका बाजूची सगळी मुळे करवतीने कापावीत तशी सरळ रेषेत तुटलेली होती आणि टोके काळी पडलेली होती. केबलसाठी कधीतरी तिथून चर खणला गेला होता. दारात चर खणताना कोणी दिसले तर तेव्हाच पुढे होऊन थांबवावे. हे काम छाटणीपेक्षा मोलाचे आहे. राज्याचा नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे आणि २०२१ च्या सुधारणेनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, हेही सोसायटीच्या सभेत सांगावे.

प्रश्न : मंडळातर्फे या पावसाळ्यात पदपथाला लागून पन्नास रोपे लावणार आहोत. कोणती निवडावीत?
— एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : विजेच्या तारांखाली बहावा, कांचन किंवा ताम्हण, जागा रुंद असेल तर करंज किंवा कडुनिंब. वड-पिंपळ पदपथावर नकोत, त्यांना मैदान हवे. पण त्याआधी एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा किती रोपांना पाणी घालता येईल ते मोजावे आणि तेवढीच लावावीत, मग ती बारा भरली तरी हरकत नाही. असे तीन उन्हाळे काढावे लागतील. आळे मोकळे ठेवावे, आणि आधाराच्या काठीची सुतळी दर सहा महिन्यांनी सैल करावी, कारण ती सालीत रुतली की वाढत्या खोडाला फास बसतो.