स्क्लेरल लेन्स घातली तरी सिलिंडर नंबर का उरतो?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मला दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) आहे आणि तीन महिने झाले स्क्लेरल लेन्स वापरतोय. आधी सांगितलेलं की ह्या लेन्सने सिलिंडर नंबर (दोन दिशांना वेगळा असणारा तिरका नंबर) जातोच, पण उजव्या डोळ्यात लेन्स घालून तपासलं तर अजून १.५० सिलिंडर येतो. चार्ट बऱ्यापैकी वाचता येतो पण प्रत्येक अक्षराखाली एक फिकट सावली दिसते आणि रात्री दिव्यांना शेपट्या फुटतात. आता म्हणतात लेन्सवर चष्मा लावा. फिटिंग चुकलंय की माझा डोळाच असा आहे?

उत्तर: नमस्कार. चष्मा लावू नका असं मी म्हणत नाही, पण त्याआधी हा १.५० आला कुठून ते शोधायला लागा, कारण तीन वेगळ्या जागांहून तो येऊ शकतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

आधी लेन्स काम कसं करते ते थोडक्यात. स्क्लेरल लेन्स कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, टेकतच नाही, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मधल्या जागेत सलाइन भरलेलं असतं. कॉर्नियाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.३७६ आणि सलाइनचा साधारण १.३३५, म्हणजे दोन्ही इतके जवळ की प्रकाशाला कॉर्नियाच्या पुढच्या बाजूचे उंचवटे फारसे जाणवतच नाहीत, त्यातला मोठा भाग पुसला जातो. पण लक्षात घ्या, फक्त पुढच्या बाजूचे. कॉर्नियाची मागची बाजू आणि आतलं नैसर्गिक भिंग ह्यांचा सिलिंडर तसाच राहतो, आणि केराटोकोनसमध्ये मागची बाजूही वाकडी झालेली असते. ही झाली पहिली जागा.

दुसरी जागा म्हणजे लेन्स स्वतःच वाकणं, आणि हे मला खूप वेळा दिसतं. डोळ्याचा पांढरा भाग चेंडूसारखा सारखा गोल नसतो, एका दिशेला जास्त वळलेला आणि दुसऱ्या दिशेला सपाट असतो, आणि लेन्स जितकी मोठी तितका हा फरक जास्त जाणवतो. अशा डोळ्यावर सगळीकडे सारख्या कडेची लेन्स ठेवली की दोन बाजूंना कड दाबली जाते, दोन बाजूंना उचललेली राहते, आणि लेन्सची मधली जाडी असते जेमतेम ०.३-०.४ मिलिमीटर, त्यामुळे ती डोळ्याच्या आकारात वाकते आणि नवीनच सिलिंडर तयार करते. जो तुमच्या डोळ्यात नव्हताच!

हे ओळखायला फार वेळ लागत नाही. लेन्स डोळ्यात असतानाच तिच्या वरून केराटोमेट्री किंवा टोपोग्राफी (पुढच्या बाजूची गोलाई मोजणाऱ्या तपासण्या) करायला सांगा. पुढची बाजू गोल आली तर लेन्स वाकत नाहीये, सिलिंडर आतला आहे, आणि मग तो नंबर लेन्सच्या पुढच्या बाजूवर बसवून घेता येतो, चष्मा लागत नाही. दोन दिशांना वेगवेगळं रीडिंग आलं तर लेन्स वाकतेय, मग नंबर बदलून काही उपयोग नाही, कड बदलायला हवी. त्याला टोरिक हॅप्टिक म्हणतात, म्हणजे दोन दिशांना वेगळ्या उताराची कड. लेन्स थोडी जाड करूनही वाकणं कमी होतं पण जाडी वाढली की ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून मी आधी कडच बदलून बघते.

तिसरी जागा म्हणजे लेन्स सरकणं, आणि तुमच्या त्या सावलीबद्दल मला इथेच शंका येते. नाकाकडचा पांढरा भाग साधारण उंच असतो त्यामुळे लेन्स बाहेरच्या बाजूला आणि वजनाने खाली सरकते, मग तिचा मध्य बाहुलीसमोर राहत नाही. खालच्या बाजूला सलाइनचा थर जाड आणि वर पातळ झाला की तो पाचरीसारखा वागतो. त्यातून शेपटीसारखी पसरलेली प्रतिमा येते, आणि ती सिलिंडरच्या नंबरने पूर्ण जात नाही. केराटोकोनसच्या मागच्या बाजूमुळेही अशी सावली राहू शकते, तेव्हा सगळा दोष फिटिंगलाच देता येणार नाही. पण कॉर्निया आणि लेन्समधलं अंतर गरजेपेक्षा जास्त असेल तर ते कमी केल्यावर लेन्स बरीचशी मध्यावर येते, आणि सावली फिकी झालेली मी पाहिली आहे.

आणि एक, तपासणी लेन्स घातल्या घातल्या करून घेऊ नका. काही तासांत ती साधारण १०० मायक्रॉन (०.१ मिलिमीटर) कॉर्नियाच्या दिशेने आत बसते, त्यामुळे सकाळी घालून दुपारी तपासायला जा, खरं चित्र तेव्हा दिसतं.

प्रश्न: माझ्या लेन्सच्या पुढे सिलिंडर नंबर बसवून दिलाय. कधी एकदम क्लिअर, कधी अक्षरं तिरकी. असं का?

उत्तर: लेन्स फिरतेय. सिलिंडरला दिशा असते, १० अंश फिरली तरी साधारण एक तृतीयांश करेक्शन वाया जातं आणि ३० अंशांवर तर काहीच फायदा उरत नाही. लेन्सवर बारीक खुणा असतात, त्या प्रत्येक वेळी एकाच जागी थांबतात का ते स्लिट लॅम्पखाली (डॉक्टरांकडची डोळा मोठा करून बघायची दुर्बीण) बघून घ्या. दरवेळी त्याच पण चुकीच्या जागी थांबत असतील तर सोपं आहे, नवीन लेन्स बनवताना तेवढे अंश धरतात. कुठेही थांबत असतील तर पुन्हा कडेचंच काम, टोरिक हॅप्टिक नीट बसली की लेन्स आपली जागा धरून ठेवते. आणि घालताना खुणा बरोबर दिशेला ठेवूनच घाला.

प्रश्न: सकाळी छान दिसतं, तीन-चार तासांनी धुकं. नंबर बदलला असेल का?

उत्तर: बहुतेक नाही. लेन्स डोळ्यात असतानाच सलाइनने ओला केलेला कापसाचा बोळा पुढच्या बाजूवरून हलकेच फिरवून बघा (हात स्वच्छ धुवून). लगेच साफ दिसलं तर पुढची बाजू कोरडी पडतेय किंवा तेलकट होतेय, मग सफाई, लेन्सचं कोटिंग आणि पापण्यांच्या ग्रंथी बघायला लागतात. लेन्स काढून नवीन सलाइन भरल्यावरच साफ होत असेल तर कचरा आतल्या पाण्यात साठतोय, तिथे उचललेली कड किंवा जास्त अंतर हे कारण असू शकतं. सलाइन प्रिझर्वेटिव्ह नसलेलंच भरा, नळाचं पाणी कधीच नाही, त्यातल्या अकँथामिबा नावाच्या सूक्ष्म जीवाने कॉर्नियाला गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं. आणि दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसली, डोळा लाल झाला किंवा दुखला तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कॉर्नियाला सूज आलेली असू शकते.