जुन्या कुंग फू पिक्चरमध्ये हिरो अपंग का असायचे? आणि बायकांना त्यात खरंच काही काम असायचं का?

बायकांना काम असायचं, सुरुवातीला तर भरपूर. १९६६ चा 'कम ड्रिंक विथ मी' बघा, त्यात मेन तलवारबाज चेंग पेई पेई आहे. ती बॅले शिकलेली, आणि दिग्दर्शक किंग हूने तिच्या फाइट्स जवळपास नाचासारख्या बसवल्यात. खानावळीत चारी बाजूंनी गुंड आणि ती टेबलावर शांत बसून, तो सीन मी कितीही वेळा बघू शकते.

मग १९६७ ला त्याच हाँगकाँगच्या स्टुडिओने, शॉ ब्रदर्सनीच, 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (एका हाताचा तलवारबाज) काढला, दिग्दर्शक चांग चेह, आणि वारंच फिरलं. जपानमध्ये १९६२ पासून झाटोइची या आंधळ्या तलवारबाजाचे पिक्चर धो धो चालत होतेच, तोच रस्ता हाँगकाँगने धरला. यात गुरूची लाडावलेली पोरगी रागाच्या भरात हिरोचा उजवा हात तोडते, दुसरी एक गरीब मुलगी त्याला वाचवते, बापाचं अर्धं जळालेलं पुस्तक देते आणि तो डाव्या हाताने शिकतो. म्हणजे बघा, एक बाई हात तोडायला आणि दुसरी मलमपट्टीला, मधली सगळी गोष्ट पुरुषाची. तरी एक गोष्ट मला फार आवडते, व्हिलनकडे लांब तलवार पकडून अडकवायचं एक हत्यार असतं आणि हिरोकडे बापाची तुटकी, आखूड तलवार, ती त्यात अडकतच नाही! जे कमी आहे तेच कामाला येतं, आणि कोणी त्याची कीव करत बसत नाही. पिक्चरने हाँगकाँगात दहा लाख डॉलरच्या वर धंदा केला. पुढच्याच वर्षी 'गोल्डन स्वॅलो' आला, नाव चेंग पेई पेईच्या कॅरेक्टरचं पण पिक्चर सगळा 'वन-आर्म्ड'चाच हिरो जिमी वांग यू खाऊन गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता हिरो अपंग का, तर सूडाला कारण लागतं. हात-पाय जातात ते बहुतेक वेळा शत्रूमुळे आणि ट्रेनिंगने माणूस आधीपेक्षा भारी होतो. माझ्या आत्याला लहानपणी पोलिओ झालेला, तिच्यासारखं रोजचं साधं आयुष्य जगणारं माणूस या पिक्चरमध्ये मला सापडत नाही. १९७९ च्या 'क्रिपल्ड मास्टर्स'मध्ये दोन्ही नट खरोखरचे अपंग आहेत आणि त्यांची फायटिंग अफाट आहे, पण कथेत तिथेही हात तोडलेले आणि पायांवर अ‍ॅसिड ओतलेलं दाखवलंय. चांग चेहच्याच १९७८ च्या 'क्रिपल्ड अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये बहिरा-मुका लोहार आंधळ्या मित्राच्या तळहातावर लिहून बोलतो, ते खूप सुंदर आहे. पण ज्याचं डोकं आवळून त्याला वेडं केलंय त्याच्यावर आपण हसावं अशी अपेक्षा आहे, ते मला अजिबात पटत नाही. आणि त्यात बायका शोधाव्याच लागतात.

दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर १९७१ चा 'द डेफ अँड म्यूट हिरोइन' शोधा. हेलन मा यात बहिरी-मुकी तलवारबाज आहे, मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही म्हणून मनगटावर आरशासारखे चकचकीत पट्टे बांधते आणि त्यात बघून वार अडवते. जुगाड तिचा स्वतःचा, लढाईही तिचीच. आधी हा बघा, मग 'वन-आर्म्ड'.